मोहरांवरची नावं

झटका आल्यावर आजोबांचे हातपाय शाबूत राहिले, वाचा तेवढी गेली. तीन महिने ते बोलले नव्हते. परत बोलतील का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मला फक्त त्यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. टँकरच्या दिवशी आई म्हणाली, "यांना कुठंतरी फिरवून आण. इथं भांडणं होतील." मी रिक्षा केली आणि त्यांना जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात नेलं. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही.

दालनात आम्ही दोघं आणि स्टुलावर बसलेले म्हातारे पहारेकरी चाचा, एवढेच. बिदरी सुरया, कुराणातल्या आयती कोरलेला चिलखताचा पत्रा, हे सगळं आजोबांनी न थांबता मागं टाकलं. कागदावर उमटवायच्या जुन्या मोहरांच्या कपाटाशी मात्र ते थबकले. काचेला नाक लावलं आणि बोलले.

एक नाव. मग दुसरं. खणखणीत आवाजात.

चाचा उठून आले. "मोहर पे उल्टा खोदते ना बेटा, छापे तो सीधा आता. मैं रोज देखता, मेरे को एक नहीं आता. इनों कैसे पढ़ रै?"

"निजामाच्या काळापासून कचेरीत कारकून होते," मी पुटपुटले. उर्दूत शिकलेले आजोबा आयुष्यभर मोहरा हाताळत होते. मी इंग्रजी शाळेतली, मला ती लिपी सुलटीही येत नाही.

प्रत्येक नावानंतर आजोबा थांबत आणि दाराकडं बघत. कचेरीत पुकारा केल्यावर माणूस आत येण्याची वाट बघावी, तसं. चौथ्या नावाला चाचांनीही मागं वळून पाहिलं. दारात ऊन होतं फक्त.

"नक्को बेटा," ते हळूच म्हणाले, "ले के जाओ इनको. कब के मरे हुए लोगां हैं."

मी आजोबांचा दंड धरला. त्यांनी मला नीट न्याहाळलं, अनोळखी बाईला न्याहाळावं तसं. "आपका नाम?"

सांगू नये असं वाटलं. त्या यादीत तर नकोच. पण तीन महिने मी याचीच वाट बघत होते. मी नाव सांगितलं.

त्यांनी ते पूर्ण, स्पष्ट उच्चारलं. आणि माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत थांबले.