जगदेवीचा गोफ

श्रावण आला की जळकोटच्या अलीकडच्या चिंचोलीत वीरभद्राच्या देवळात गोफ उभा राहायचा आणि तो उभा करायचे गुरुपादप्पा. सभामंडपाच्या तुळईला आठ रंगीत दोऱ्या बांधायच्या. खाली आठ गडी, डाव्या हातात दोरीचं टोक, उजव्या हातात टिपरी. हलगी कडाडली की चौघांनी इकडून आणि चौघांनी तिकडून फिरायचं, समोरून येणाऱ्या एकाला आतून टिपरी द्यायची, पुढच्याला बाहेरून. नाचता नाचता वरून दोऱ्यांची वेणी उतरत येते. ती हाताला लागली की तेच नाचणं उलटं करायचं आणि विणलेलं सगळं सोडवायचं. सुटला तर गोफ पुरा. नुसता विणून ठेवला तर देवाला पोचत नाही, असं गुरुपादप्पा म्हणत.

जगदेवी ही त्यांची एकुलती एक लेक. नवी वीण सुचली की गुरुपादप्पा बाज उभी करून बाजेच्या पायाला सुतळ्या बांधत आणि टोकं लेकीच्या हातात देत. बाप सांगायचा, पोर सुतळ्या फिरवायची. दहा-बारा वर्षांची असताना ती बापालाच म्हणायला लागली, "अप्पा, हितं गुंता व्हायलाय. ही लाल आधी काढा." गुरुपादप्पा काढत आणि मान हलवत. पण श्रावण आला की पोरीची जागा देवळाच्या पायऱ्यांखाली, बाकीच्या बायकांत. तुळईखाली बाईचा पाय पडत नव्हता. का, ते कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

पुढं तिला गावातल्या गावातच अण्णारावाला दिली. अण्णाराव वाईट माणूस नव्हता. थोडी शेती, घराच्या भिंतीला टेकून किराण्याचं लहानसं दुकान, गोफातली एक दोरी. लग्नानंतर पहिल्या श्रावणात जगदेवीनं त्याला चुलीपाशी बसवून पायांची चाल समजावली. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "तुला लई कळतंय. पण हे आपल्या घरातच ऱ्हाऊ दे."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या वर्षी पिकलं नव्हतं, त्या वर्षी पेरलंच नाही. विहिरींना तळ दिसला, बैलं मातीमोल गेली. गडीमाणसं पोटामागं पांगली. अण्णाराव धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची पोती उचलायला गेला. गावात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं राहिली. जळकोटच्या वाटेला पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं बाया पहाटेच जायच्या. खोदायचं, घमेली भरायची, रांगेत उभं राहून या हातातून त्या हातात द्यायची. सरकारी सुकडी खायची आणि पुन्हा रांगेत.

श्रावण लागला आणि गोफाला आठ गडी काही जमेनात. गुरुपादप्पांचा खोकला वाढला होता. ते देवळात एकटेच बसून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत जगदेवीनं जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि तलावाच्या कामावरच्या लिंबाच्या फांदीला बांधल्या. शेजारची गौरम्मा बघतच राहिली.

"काय करायलीस ग?"

"धर हे टोक. तू हितूनच, ती रुक्मिणबाई तिकडून येऊ दे."

रुक्मिणबाई म्हणजे पलीकडच्या आळीतली, रांगेत जगदेवीच्या पुढची. बाकीच्या बायांनाही तिनं ओढून आणलं. टिपऱ्या नव्हत्या, तर खडीतले चपटे दगड घेतले. पहिल्यांदा सगळ्या एकमेकींवर आदळल्या आणि हसून हसून मातीत बसल्या. दुसऱ्यांदा निम्म्यात अडकलं. तिसऱ्यांदा वेणी उतरली, बोटभर जाडीची, मळक्या रंगांची, पण वेणी. उलट्या फिरल्या आणि ती सुटलीही. हलगीवाला मारोती कामावर दगड फोडत होता. त्यानं घमेलं पालथं घालून ठेका धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मुकादम ओरडायला आला आणि कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला.

गोष्ट गुरुपादप्पांपर्यंत पोचली. ते काठी टेकत तलावावर आले. बाया नाचल्या. जगदेवीला त्या दिवशी खडीचं, भुकेचं, कशाचंच भान नव्हतं. दोरी हातात ओढ घेत होती आणि पुढची बाई कुठून येणार हे ती न बघता सांगू शकत होती. गोफ सुटला तेव्हा बापाचे डोळे भरले होते.

"बरं हाय," ते म्हणाले. "लई बरं हाय. पण देवळात नको, माय."

पुढच्या वर्षी पाऊस पडला. गडी परत आले, दोऱ्या पुन्हा तुळईला चढल्या आणि बाया पायऱ्यांखाली गेल्या. जगदेवी अण्णारावाला म्हणाली, "आम्ही आठजणी तयार हाव. एक गोफ आमचा होऊ द्या की."

अण्णाराव जेवता जेवता म्हणाला, "ते दुष्काळापुरतं होतं."

एवढंच. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. ढेकूळ फुटावं तसं त्यानं सहज म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. पण जगदेवीच्या मनात ते वाक्य कुसळासारखं रुतलं.

गुरुपादप्पा वारले. गोफाचा जिम्मा अण्णारावाकडं आला. तो वर्षानुवर्षं तीच एक वीण विणत राहिला, सासऱ्याच्या बाकीच्या विणी विसरून. इकडं जगदेवीला वेगळंच सुचून बसलं होतं. वेणी सगळीकडं सारखी का? मधे ती फुगली पाहिजे, वर निमुळती, पोटात भरलेली, खाली पुन्हा निमुळती, ज्वारीच्या कणसासारखी. चौघींनी आत विणायचं, चौघींनी बाहेरून त्यांना वेढा घालायचा, मग आतल्यांनी बाहेर यायचं आणि बाहेरच्यांनी आत जायचं. जात्याच्या खुंट्याला धागे बांधून ती ते करून बघायची. तिची पोरगी विचारायची, "अव्वा, हे काय विणायलीस?" जगदेवी म्हणायची, "माझं डोकं." दोन हात आणि आठ धागे. तिथं जे जमतं ते आठ जिवंत बायांना जमेल का, हे कळायला बायाच हव्या होत्या आणि बाया कुठून आणायच्या?

ब्याऐंशी साली बातमी आली की उस्मानाबादेतून लातूर फुटून नवा जिल्हा होणार. सरपंच सिद्रामप्पा स्वतः दुकानावर आले आणि अण्णारावाशी नाही, थेट जगदेवीशी बोलले.

"जगदेवी, ऑगस्टात लातूरला मोठी मिरवणूक हाय. गावागावाचं काहीतरी घेणारेत. बायकांचं पथक असलं तर नक्की घेतेत म्हणे. तुमच्या त्या गोफाचं बघ की."

"कुठल्या गोफाचं?" जगदेवी म्हणाली. "दुष्काळातल्या?"

अण्णारावानं तराजूतून मान वर केली नाही. जगदेवीला राग आला होता आणि आनंदही झाला होता, आणि या दोन्हींत कोण वर हे तिलाच कळेना. ती "हाव" म्हणाली.

मग सुरू झाला खरा छळ. तालीम जगदेवीच्या अंगणात, मांडवाच्या आडव्या वाशाला दोऱ्या बांधून. आठजणी कागदावर होत्या, अंगणात कधीच नाहीत. खुरपणीचे दिवस. गौरम्मा आली तर रुक्मिणबाई नाही. रुक्मिणबाईची सासू दारातून हाका मारायची, ती टोक हातातून सोडून पळायची. एकीचं लेकरू तापानं फणफणलं, एकीचा नवरा म्हणाला तिन्हीसांजंनंतर बाहेर जायचं नाही. जी आली नाही तिची दोरी जगदेवी खिडकीच्या गजाला बांधायची आणि म्हणायची, "ही लक्ष्मम्मा हाय असं समजा." गजाला काय, तो हलत नाही, चुकत नाही. विणणं कसंबसं बसत गेलं. सोडवायची वेळ आली की कुणाच्या तरी घरून बोलावणं यायचंच.

"आगं, एक डाव तरी सगळ्या या!" ती चिडून ओरडली.

गौरम्मा म्हणाली, "तुझ्यासारखा एकच ध्यास आम्हाला असता तर आलो असतो माय. आमच्या घरी म्हशी हायत."

जगदेवीच्याही घरी म्हैस होती. त्या दिवशी तिला पिळायचं राहून गेलं होतं आणि अण्णारावानं धार काढली होती, तोंडातून एक शब्द न काढता. तेही तिला सलत होतं.

लातूरला त्या सकाळीच पोचल्या, एकसारख्या हिरव्या लुगड्यांत, टिपऱ्यांना गोंडे लावून. मारोती हलगी शेकून तयार. छातीला बिल्ला लावलेला एक माणूस आला आणि त्यांना एका ट्रककडं घेऊन गेला. ट्रकच्या मधोमध खांब रोवलेला, फुलांनी मढवलेला. बाजूनं इतकीशी जागा की आठजणी उभ्या राहिल्या तरी कोपराला कोपर लागत होतं.

"दादा, हितं फिरायचं कसं?" जगदेवीनं विचारलं.

"फिरायचं न्हाई. दोऱ्या धरा, हसत उभ्या ऱ्हावा. ट्रक चालू ऱ्हाईल ना बाई, पडचाल."

"आम्ही नाचायला आलाव."

"दिसायला तेच दिसतंय," तो म्हणाला आणि पुढच्या ट्रककडं गेला.

त्या उभ्या राहिल्या. रस्त्यानं माणसं फुलं टाकत होती, घोषणा देत होती. मधेच पावसाची भुरभुर आली आणि दोऱ्यांचा रंग ओघळून त्यांच्या मनगटांवर उतरला. कुणीतरी खालून ओरडलं, "नाचा की!" जगदेवीला वाटलं, उडी मारावी आणि त्या माणसाची गचांडी धरावी. इतकी वर्षं धाग्यांवर फिरवलेलं कणीस आणि इथं सोंगासारखं उभं राहायचं. शेजारी गौरम्मा खरंच हसत होती, पोरांना हात करत होती. तिच्यावरही तिला राग आला.

मिरवणूक संपली. परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टँडाच्या मागं मोकळ्या जागेत एक मोठं लिंबाचं झाड होतं. जगदेवीनं कुणाला विचारलं नाही. दोऱ्या सोडून आणल्याच होत्या, त्या फांदीला बांधल्या.

"आता इथं पुरा करायचा," ती म्हणाली. "सगळ्या हाव. पहिल्यांदाच सगळ्या हाव."

मारोतीनं हलगीवर थाप मारली. माणसं जमायला लागली, हमाल, प्रवासी, पिशव्या घेतलेल्या बाया. वेणी उतरू लागली. बारीक होती ती हळूहळू भरत गेली, आतल्या बाहेर, बाहेरच्या आत, आणि फांदीखाली रंगीत कणीस डुलायला लागलं. जमलेल्यांतून "वा, वा" आलं. एक म्हातारा म्हणाला, "असला गोफ न्हाई बघितला कधी."

"उलट!" जगदेवी म्हणाली.

त्या उलट फिरल्या. थोडं सुटलं. मग कणसाच्या पोटाशी येऊन सगळं ठप्प. गौरम्माची दोरी रुक्मिणबाईच्या दोरीत, तिची लक्ष्मम्माच्या. कुणी ओढलं, गाठ आवळली. मारोतीनं ठेका हळू केला, मग थांबवला. लोक हसले, फार वाईट नाही, जसं पोर पडल्यावर हसतात तसं, आणि पांगले.

"तू चुकलीस," जगदेवी गौरम्मावर खेकसली.

"तू म्हणलीस तशीच गेले मी! जोडीनं, एकाच ठेक्यावर!"

"मग गाठ कशी पडली?"

"मला काय ठाव? कणीस तुझं हाय."

दोघी गाडीत वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. जगदेवीच्या मांडीवर गुंतलेला गोफ होता. चाकूरच्या पुढं गेल्यावर तिनं गाठीत बोटं घातली. एकेक पदर चाचपत ती मागं मागं गेली आणि तिच्या लक्षात आलं. आतल्या-बाहेरच्या जोड्या जागा बदलायच्या तेव्हा तिनं दोघींना एकाच ठेक्यावर हलवलं होतं. विणताना ते खपतं. सोडवताना मात्र जी शेवटी गेली तिनंच आधी निघायला हवं, आणि शेवटी कोण गेली हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण दोघी बरोबरच गेल्या होत्या. खिडकीचा गज हे कधीच सांगू शकला नसता. चूक पायांत नव्हतीच, विणीत होती. तिच्या डोक्यात.

तिला रडू आलं नाही. बिल्लेवाल्याला शिव्या देणं किती सोपं होतं.

उदगीरला गाडी बदलताना ती गौरम्माजवळ गेली. "तू बरोबर होतीस. वीणच वाकडी हाय."

गौरम्मानं नाक उडवलं. "मग सरळ कर."

सरळ करायला आता निमित्तच उरलं नव्हतं. मिरवणूक झाली होती, जिल्हा झाला होता. सिद्रामप्पांनी पथकाचा फोटो ग्रामपंचायतीत लावला, बायका दोऱ्या धरून हसताना. जगदेवी त्या फोटोसमोरून मान खाली घालून जायची. ती घरोघर फिरली. कुणी म्हणाली बघू, कुणी म्हणाली आता कशापायी. गौरम्मा आली, मग रुक्मिणबाई. पूर्ण आठजणी व्हायला दिवाळी उलटली. जोडीतली एक आधी, दुसरी मागून, असं बदलून त्यांनी जगदेवीच्या अंगणात कणीस विणलं आणि ते दोनदा अडकून एकदा सुटलं. बघायला कोंबड्या आणि अण्णाराव.

अण्णाराव दुकानाच्या दारात उभा होता. मग जेवताना म्हणाला, "पुढच्या श्रावणाला ही वीण देवळात घेऊ. आम्हाला दाखव."

"दाखवते. पण देवळात येऊन. तुळईखाली."

त्यानं ते जुन्या माणसांपुढं मांडलं. गोफाचा जिम्मा असून त्याला हे मांडावं लागलं याचंच तिला नवल वाटलं. चर्चा झाली, चहा झाला. ठरलं असं की जगदेवीनं पायरीवर उभं राहून सांगावं, गडी आत करतील.

"पायरीवरून?" जगदेवी म्हणाली. "पायरीवरनं दोऱ्या दिसत न्हाईत. पाठी दिसतेत नुसत्या."

"आगं, एवढं तरी दिलं त्यांनी," अण्णाराव म्हणाला.

"मग त्यांनाच ठिवून घेऊ दे."

त्या श्रावणात देवळात जुनीच वीण झाली. जगदेवी बघायला गेली नाही, घरात बसून हलगी ऐकत राहिली आणि ठेका कुठं ढिला पडतोय हे तिला कळत राहिलं, नको असताना. पुढंही बरीच वर्षं तसंच चाललं. अंगणातला गोफ टिकला तो तुटत-सांधत. कधी पाचजणी, कधी सहा, सुना आल्या तशा नवी तोंडं. कुणी बोलवलं नाही, त्यांनीही कुठं नेला नाही. जगदेवीचा ताठा काही मोडला नाही आणि तिचं समाधानही कधी झालं नाही. कणीस सुटायला लागल्यावर तिला ते पोटात पोकळ वाटायला लागलं.

"आता बाहेरच्या चौघींनी अर्ध्यात येऊन थांबायचं," ती एकदा म्हणाली.

गौरम्मानं दोरी खाली टाकली. "थांबायचं? आत्ता कुठं बसतंय, आन तू पुन्हा मोडायलीस?"

"पोकळ हाय ते."

"तुलाच पोकळ दिसतंय!"

"हाव, मला दिसतंय. उचल दोरी."

गौरम्मा पुटपुटली, लुगड्याचा काचा खोचला आणि दोरी उचलली.