उत्तरपत्रिकेवरचा काळा अंगठा

काल बायकोनं शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं मला नगरच्या परीक्षेच्या वर्गात नेऊन बसवलं. बी.ए.चा शेवटचा पेपर, वय बेचाळीस. सुप्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून थेट आलो होतो. हात तीनदा धुतले होते, तरी घामानं नखांतलं ऑईल सुटलं आणि पहिल्याच पानावर काळा अंगठा उमटला.

देखरेखीच्या मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. म्हणाल्या, "काका, पेपरवर खूण चालत नाही. कॉपी केस होते."

"खूण न्हाई मॅडम, कामावरनं आलोय." मी दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी हात पाहिले. ती उत्तरपत्रिका रद्द केली, नवी दिली आणि हाताखाली धरायला स्वतःचा रुमाल दिला. मला इतकी लाज वाटली, की पेपर संपेपर्यंत मान वर केली नाही. रुमाल मात्र काळा झाला.

आता पदवी भिंतीवर आहे, काचेत, स्वच्छ. तिच्याकडे बघताना वाटतं, ते रद्द झालेलं पान तेवढं मागून घ्यायला हवं होतं.