खालची दोन माणसं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही.

बीडला चित्रकलेच्या कोर्सला मी आणि माझा मित्र एका खोलीत राहायचो. लायब्ररीतल्या जुन्या मासिकात इटलीतल्या एका लढाईचं चित्र होतं. निशाणाच्या काठीवरून झोंबणारे स्वार, एकमेकांना चावणारे घोडे. पानाचा खालचा भाग वाळवीनं खाल्लेला. मित्रानं चौकटी आखून ते कोळशानं मोठं केलं, आणि पान संपत होतं तिथून खाली मनानं दोन माणसं काढली. घोड्यांच्या पायांत पडलेली, एकानं तोंडावर कोपर धरलेलं. त्या माणसासाठी त्यानं मलाच फरशीवर आडवं पाडलं होतं.

पुढं धारूरकडच्या एका शाळेत चित्रकलेच्या मास्तरची एकच जागा निघाली. दोघंही गेलो. संस्थेच्या अध्यक्षांना त्याचं चित्र फार आवडलं. तो बाहेर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, हे त्याच्याच हातचं का?

"पुस्तकावरून छापलंय, साहेब. खालच्या माणसांसकट."

जागा मला मिळाली. मी काय बोललो ते त्याला शिपायाकडून कळलं. तो भांडला नाही, बोलणं तेवढं तोडलं. बीडजवळ पालीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवू लागला.

निवृत्त झाल्यावर मी त्या चित्राच्या मागे लागलो. नात मोबाइलवर शोधून प्रिंट काढून द्यायची. भिंतीवरचं मूळ चित्र कधीच नाहीसं झालेलं. उरल्या त्या नकला आणि नकलांच्या नकला. एका जुन्या नकलेवर तर नंतरच्या कुणा मोठ्या चित्रकारानं आपला हात फिरवलेला. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला अभ्यासाचा नाद लागला. मला एवढंच हवं होतं, की माझं खोटं कुठंतरी खरं निघावं.

अर्धंमुर्धं निघालंही. बऱ्याच नकलांत खाली पडलेली माणसं होती. पण तोंडावर कोपर धरलेला एकाही नकलेत नव्हता.

प्रिंटा घेऊन मी पालीला गेलो.

"या मास्तर. वाट चुकलास का बे?" तो घराच्या ओट्यावरूनच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. एकेक कागद नाकाशी धरून तो बराच वेळ बघत राहिला.

"खाली माणसं हायत की. मला वाटायचं, मी मनानं काढली. कुठंतरी बघितली आसतील." कागद नीट जुळवून त्यानं माझ्या हातात दिले. "मंग तू खरंच बोलला व्हतास. मी उगंच तुझ्यावर राग धरला. लई वर्सं."

मी चहा पिऊन परतलो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

त्या ओट्यावर मला म्हणायचं होतं, "न्हाई गड्या. कोपरवाला तूच काढलास, मीच पडलो होतो तुझ्यापुढं. मी जाणूनबुजून खोटं बोललो. मला माफ कर."