फाट्यावरचा दगड आणि आमची चाकणची फेरी

मुतारीचा पत्रा टेकवायला अख्ख्या फाट्यावर दुसरी जागा नव्हती का? लढाईत गेलेल्या माणसांच्या दगडाला पाठ लावून मुतारी? आणि वर म्हणतात, दगडच उचलून पाण्याच्या टाकीमागं नेतो, म्हणजे प्रश्न मिटला. कुणाचा मिटला? आमचा नाही.

हे कळलं जिजीच्या फोनवरून. जिजी म्हणजे माझी चुलती. माझं माहेर चाकणच्या पुढं, आंबेठाण रस्त्याला. तिथं फाट्यावर गावच्या पाच जवानांचा दगड आहे. छातीएवढा उंच, भोवती कट्टा. त्या पाचांत माझे चुलते, किसनतात्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा जिजीला तार आली. माणूस आला नाही, राखसुद्धा आली नाही. म्हणून जिजीचं जे काय आहे ते त्या दगडापाशी. कांद्याच्या पातीची पहिली जुडी आधी तिथं ठेवते, मग बाजाराचं बघते.

फोनवर म्हणाली, "सोमवारी क्रेन येनार हाय. तू ये." आणि ठेवला.

मी रावेतला राहते. सोबत शेजारीण सुलोचना. ती बीडची, नवरा कंपनीत, ही दिवसभर घरात एकटी. म्हणाली, "चाकणला कामून? तिथं काय बघायचं, कंपन्या?"

"दगड बघायचाय."

"दगड बघायला बसचं तिकीट काढतेस व्हय माय!" पण आली. भाकऱ्या बांधून आली.

आता तुम्हाला जायचं असेल तर ऐका. रावेतहून थेट गाडीची वाट बघत बसू नका. आम्ही निगडी, भोसरी करत चाकणच्या बसमध्ये बसलो. शिफ्ट सुटायच्या वेळी अजिबात निघू नका. कंपनीच्या बसा, ट्रेलर, कांद्याचे ट्रक, सगळे एकाच रस्त्यावर. मोशीच्या पुढं बस अशी थांबली की कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला. सुलोचनानं तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या बाईच्या सुनेची सगळी कहाणी काढून घेतली. मला उभ्या गाडीत बसवत नाही, मी नुसती चिडत होते.

चाकणला चौकाच्या अलीकडं पत्र्याच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. सत्तर रुपये, रस्सा परत मागितला तर तोंड वाकडं न करता देतात. सुलोचनाला ती गोड लागली. तिला सगळंच गोड लागतं, तिच्या हातची भाजी खाल्ली की कान तापतात. तिथून शेअर रिक्षा. दोन्ही बाजूला कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, आणि मधेच एखादं वावर, हिरवंगार. ते दिसलं की मला माहेर आलं असं वाटतं. यावेळीही वाटलं.

फाट्यावर उतरलो तर जिजी कट्ट्यावर बसलेली. मागं चार मजली कॉम्प्लेक्स उभं राहतंय. खाली दुकानं, वर बार. दगड नेमका त्याच्या दारात येतोय, हे त्यांचं दुखणं. मजुरांसाठी पत्र्याची मुतारी केली ती दगडाला टेकवून. मजुरांचा काय दोष, दाखवली तिथं बिचारे जातात.

साईटवरचे इंजिनिअर साहेब आले. बोलायला नरम. "आजी, आम्ही चांगलंच करतोय. टाकीमागं नवीन चौथरा, वर टाइल्स."

जिजी म्हणाली, "टाइल्स तुज्या मोरीत लाव."

"पण हे स्मारक आहे कशावरून? एक तरी नाव दाखवा. मोजणीत दगडी खांब एवढंच आलंय."

मी दगडाकडं बघितलं. खरंच एक नाव दिसत नव्हतं. गाव दर पंधरा ऑगस्टच्या आधी दगडाला ऑइल पेंट देतं. मनापासून देतं. पोरं वर्गणी काढतात, आधीचा न खरवडता वरून नवा हात. मीसुद्धा लहानपणी ब्रश धरलाय. नावं सगळ्यांना तोंडपाठ, वाचायची गरज कुणाला? असं माया करत करत आम्हीच सगळी अक्षरं बुजवली होती.

मी सुलोचनाला म्हटलं, "चल." शेजारच्या हार्डवेअरमधून थिनर आणलं, तारेची घासणी आणली. जिजीनं घरातनं खुरपं आणलं. साहेब म्हणाले, "मावशी, हे काय करताय?" मी म्हटलं, "नावं दाखवतेय. थांबा."

वर भगवा, खाली पांढरा, त्याखाली पिस्ता, त्याच्याही खाली निळा. डोळ्यांतून पाणी, नाकात वास. गावच्या चार बायका धुणं सोडून आल्या, त्याही लागल्या घासायला. दुपार कलली तेव्हा खोबणीतून अक्षरं वर आली. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून ठेवून वाचलं. खालून दुसरं: शिपाई किसन बाळा.

जिजीला वाचता येत नाही. "कुठं गं?" म्हणाली. मी तिचं बोट धरून खोबणीत ठेवलं.

"इतक्या खाली?" ती म्हणाली. "मी आपली सगळ्यात वरच्या जागी हात फिरवायची. ते कोन हाय?"

"सखाराम धोंडी."

"अगं बया! त्या सुभद्राचा सासरा! पन्नास वर्सं मी त्याला गोंजारतीय!"

बायका हसून हसून कट्ट्यावर बसल्या. जिजीही हसली. हात मात्र तिनं तिथून काढला नाही.

साहेबांनी फोटो काढले. पाची नावांचे. म्हणाले, "मी वर पाठवतो. पण क्रेन थांबवणं माझ्या हातात नाही." माणूस वाईट नाही, पण असल्या चांगुलपणाचं आम्ही काय करू?

परतीच्या बसमध्ये सुलोचना एकदम म्हणाली, "आमच्या गावी असं कुणाचं नाव न्हाई बघ लिवलेलं." मग खिडकीतून बघत राहिली. दिवे लागायला घरी पोचलो. माझ्या नखांत अजून भगवा रंग आहे, भाकरी थापताना दिसतो. जिजीनं बळंच दिलेले कांदे गॅलरीत पसरलेत. आणि तिचं ते बोट, नावाच्या खोबणीतून पुढं मागं फिरणारं, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

नाव एवढ्या वर्षांनी सापडलं, आता ते टाकीमागं न्यायचं? जिजी टाकीमागच्या चिखलात काठी टेकत जाणार? तर कॉम्प्लेक्सवाले शेठ आणि ग्रामपंचायतीत परवानगीवर सही करणारे, दोघांनी ऐका. पत्रा आधी काढा. दगड आहे तिथंच राहणार की नाही, हे शनिवारी दिवस मावळायच्या आत सांगा. फोन नको, माणूस पाठवून निरोप नको. स्वतः फाट्यावर या आणि जिजीच्या तोंडावर हो किंवा नाही म्हणा.