कावळ्याचं नाव

वोल्फ्राम. लांडगा आणि डोमकावळा असे दोन जुने जर्मन शब्द जोडून हे नाव झालं. मला ते सांगितलं ओमानमधल्या सोहारला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जर्मन इंजिनिअरने, कारण नाव त्याचंच होतं. पूर्वी लढाईच्या मागोमाग लांडगे आणि कावळे यायचे, म्हणून ते शूराचे सोबती. आता तिकडेही हे नाव फारसं कोणी ठेवत नाही, म्हणाला. त्याला मूलबाळ नव्हतं.

त्याने मला गाडी शिकवली. नवऱ्याने आधी प्रयत्न केला होता, पण दर वेळी आम्ही अबोला धरून घरी यायचो. बाईमाणसाला गाडी कशाला, असं सासूबाई रत्नागिरीहून फोनवर विचारायच्या. म्हातारा मात्र नव्या बंदराजवळच्या मोकळ्या जागेत शेजारी शांत बसायचा आणि गाडी बंद पडली की म्हणायचा, "यल्ला, चल, पुन्हा." मला लायसन्स मिळालं, आणि तो कायमचा मायदेशी गेला.

त्यानंतर एका दुपारी मला कळा सुरू झाल्या. नवरा प्लांटवर, फोन लागेना. मी किल्ली उचलली आणि स्वतः गाडी चालवत हॉस्पिटल गाठलं. मुलगा झाला. त्याचं नाव मी वाटेतच ठरवलं होतं.

"कावळ्याचं नाव? मेलं अभद्र," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मामंजींच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा आपण सगळे त्याच्यापुढे हात जोडून उभे होतो. तेव्हा नव्हता तो अभद्र?"

फोन आपटला गेला. नवरा म्हणाला, कागदोपत्री तुझं ठेव, घरात आईने निवडलेलं. मला असली मधली वाट नको होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव गिरवून माझं नाव बदललं, तेव्हा मी मान खाली घालून बघत बसले होते. एकदा बसले तेवढं पुरे.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून सासूबाईंनी बारशाला नणंदेला पढवून पाठवलं. आपण कुठलं नाव सांगणार, हे तिने विमानतळावरच मला सांगून टाकलं. माझा तिळपापड झाला.

"वन्सं, दुसरं नाव घेतलंत तर सगळ्यांसमोर मुलाला पाळण्यातून उचलेन," मी म्हटलं. ती बॅग उचलून गाडीकडे चालू लागली.

बारशाला फोन स्पीकरवर ठेवला होता, सासूबाई तिकडे ऐकत होत्या. नणंद पाळण्यावर वाकली. शेजारणींनी तिच्या पाठीत हसत बुक्के मारले. मी पाळण्याची दोरी घट्ट धरून उभी होते.

"कुर्रर्र," नणंद म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वोल्फ्राम."

"काय म्हणालीस गं?" फोनमधून आवाज आला.

"ऐकलंस तेच, आई. माझं नाव तांदळात बदललं, तेव्हा मला कोणी विचारलं होतं? आज मान माझा आहे."

मग ती पुन्हा वाकली आणि तेच नाव त्याच्या कानात हळूच सांगितलं.