‘डांबर’चे दिनकरराव आणि माझा संशय

दिनकररावांच्या साठीनिमित्त लिहा, असा निरोप आला, तेव्हा आधी वाटलं, यात त्यांचा काहीतरी डाव असणार. काय करू, स्वभावच तसा.

त्यांची पहिली भेट कुपवाडला त्यांच्या लेथच्या शेडमध्ये झाली. ‘डांबर’ या आपल्या रॉक बँडचा सराव सुट्टीच्या दिवशी तिथेच चाले. त्यांनी चहा पाजला, माझी बास गिटार ऐकली आणि मला लगेच बँडमध्ये घेतलं. इतक्या लगेच? आधीचा नक्कीच वैतागून पळाला असणार! पण तो सैन्यात भरती झाला होता आणि मला शिकवायला थांबला होता. बँडचा दंडकच होता, जाणाऱ्याने आपला भाग येणाऱ्याला शिकवूनच जायचं.

पुढे ड्रमवाला इस्लामपूरच्या कारखान्यात चिकटला, कीबोर्डवाल्याने तासगावला द्राक्षबाग धरली. दर वेळी मला वाटे, दिनकररावांनीच गोड बोलून वाटेला लावलं. माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा रोजचा डबा दिनकररावांच्या घरून येई. तेव्हाही, हे कशासाठी, असं मनात आलंच. खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी त्यांनी तेजश्रीला आणलं आणि मला म्हणाले, तुझा भाग हिला शिकव. झालं! आता माझा नंबर लागला. या बँडशिवाय मला दुसरं होतं काय? पोरगी हुशार, भराभर तयार झाली. सगळं शिकवून झालं त्या दिवशी मी दिनकररावांपुढे उभा राहिलो.

“येतो दादा. तोंडावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं.”

“कुठं निघालास? बस खाली,” असं म्हणून त्यांनी स्वतःची गिटार माझ्या मांडीवर ठेवली. “आता माझा भाग शिक. मला ऐकू येईना झालंय रं. लेथनं कान खाल्लं.”

जाणारे ते स्वतः होते. मला रडूच कोसळलं.

साताऱ्याच्या कार्यक्रमात त्यांच्या जागी मी उभा राहिलो. दिनकरराव पुढच्या रांगेत होते. मधलं कडवं मी पार घालवलं. उतरल्यावर त्यांनी पाठ थोपटली आणि झकास वाजवलंस म्हणाले. त्यांना ऐकूच आलं नव्हतं, की ऐकूनही ते तसं म्हणाले, हा संशय मला अजून आहे.

दिनकररावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते पुढच्या रांगेत बसोत, आणि मला असेच फसवत राहोत.