म्हशीएवढी वाट

माझ्या मामाने गाव कधी सोडलं नाही, तरी तो आज शहरात राहतो. त्याच्या गोठ्याच्या तिन्ही बाजूंना उंच इमारती झाल्या. वरचे लोक शेणाच्या वासाची तक्रार करतात आणि दूधही त्याच्याकडूनच घेतात. चौथ्या बाजूला वाट होती, तिथे दोघा शेजाऱ्यांनी नव्या भिंती घालताना आपापली हद्द पुढे रेटली. मामा पडला भिडस्त, तो चकार शब्द बोलला नाही. आता त्या बोळातून माणूस अंग चोरून कसाबसा जातो.

परवा मामाने म्हैस विकायला काढली. पारडी असताना तिला त्याच वाटेने आणलं होतं. गिऱ्हाइकाने आधी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग बोळाकडे.

"म्हैस विकताय की माझी थट्टा करताय?" म्हणाला आणि चालता झाला.

मी चिडून म्हटलं, "मामा, पाडायला लाव त्या भिंती."

"कशाला उगाच? रोज तोंडं बघायची आहेत त्यांची."

"मग कायमचा आमच्याकडे राहायला चल. आई कधीची मागे लागलीये."

"येतो की. मला कुणी अडवलंय?" वैरण टाकत मामा म्हणाला. "फक्त संध्याकाळच्या धारेला परत यायला हवं."